तीनशे वीसच्या खाली

आत्याचा दमा आत्यापेक्षा सात वर्षांनी लहान. ती सात वर्षांची असताना तो घरात शिरला आणि पुढची सेहेचाळीस वर्षं हक्काने राहिला. बाकीचे सगळे गेले. आईवडील गेले ते कायमचे. धाकटा भाऊ, ज्याला तिने न्हाऊमाखू घालून मोठा केला, तो तीन वर्षांपूर्वी परदेशात नोकरी लागली म्हणून बायकोपोरीला घेऊन गेला. तीन खोल्यांच्या त्या घरात आता आत्या आणि दमा, दोघंच उरले. खरं तर भाची सोडली तर तिला आत्या म्हणायचा हक्क कुणालाच नव्हता, पण भाची बोलायला लागली तेव्हापासून शेजारीपाजारी, दुकानातले, दूधवाला, सगळेच तिला आत्या म्हणू लागले होते. भाची गेली, नाव राहिलं.

ती पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत शिवणकाम करायची. बावीस वर्षं एकच टेबल, एकच कात्री, एकच खिडकी. पडद्याचं जाड कापड टराटरा फाडलं की धाग्यांचा नि धुळीचा जो भपका उठतो, तो दमेकऱ्याच्या छातीला काही बरा नव्हे. पण दुसरं काम येत नव्हतं, आणि हे काम तिला असं येत होतं की मालकीणबाई मापाची टेप हाती न घेता म्हणायच्या, "आत्याने कापलंय ना? मग बघायला नको."

गेल्या थंडीत तिला मोठा झटका आला. शेजारणीने रुग्णवाहिका बोलावली, दवाखान्याने भावाला फोन केला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याआधी त्याचा फोन यायचा तो वाढदिवसाला, नाहीतर कागदपत्रांचं काही अडलं तर. झटक्यानंतर मात्र दर रविवारी चार वाजता फोन. आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला.

"ताई, आकडा किती?"

आकडा म्हणजे फुंकणीचा आकडा. दवाखान्याने तिला एक वीतभर प्लॅस्टिकची नळी दिली होती. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठात धरायची आणि एका दमात जोरात फुंकायचं. आतला काटा सरकत जाऊन एका आकड्यावर थांबतो. जितका आकडा मोठा तितका श्वास मोकळा. त्या नळीचं खरं नाव लांबलचक आणि अवघड होतं, म्हणून सगळे पेशंट तिला फुंकणीच म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि तक्त्यात लिहायचं. दवाखान्यातून सुटली तेव्हा आत्याचा आकडा दोनशे दहा होता.

छातीच्या डॉक्टरांनीच तिला वर्गाला पाठवलं. "औषधं आहेत तशीच चालू ठेवायची, एकही पंप बंद करायचा नाही," त्यांनी बजावलं होतं, "पण जोडीला योगाचा वर्ग करा. औषधाऐवजी नाही हं, औषधाच्या जोडीला."

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवायचे, त्या खोलीत हा वर्ग भरायचा. मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी पाच. आठ चटया, आठ माणसं. शिकवणारी पोरगी तिशीचीही नसेल, पण शिस्तीने अशी कडक की पहिल्याच दिवशी सगळ्यांनी तिचं मास्तरीणबाई करून टाकलं. कुणी भराभरा पोट हलवून श्वास फेकायला लागलं की ती अंगावर ओरडायची, "ते नाही! ते तुमच्यासाठी नाही! हळू. सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब."

आणि मग तिने तो प्रकार काढला. माणसांना पाठीला पाठ लावून बसवायचं.

दमेकऱ्याला स्वतःचा श्वास कळत नाही, असं तिचं म्हणणं. आयुष्यभर धापा टाकायची इतकी सवय झालेली असते की आपण वर छातीतच कोंडलोय हे ध्यानातच येत नाही. दुसऱ्याची पाठ लागली की कळतं. म्हणून ती तळहात आडवा धरून एकेकाच्या खांद्याची उंची मापायची आणि जोड्या लावायची. आत्याच्या पाठीला तिने किल्लीवाला लावला. दुकानातल्या एका फळकुटावर जन्मभर कुलपं दुरुस्त केलेला, साठीचा, रोड, अबोल माणूस. पितळ घासताना उडणारी पूड त्याच्या छातीत बसलेली.

"अगं बाई, परक्या माणसाच्या पाठीला?" आत्या पुटपुटली.

"पाठीला नातं नसतं, आत्या. टेका," मास्तरीणबाई म्हणाली.

आत्या टेकली. आता हे कसं सांगू? तीन वर्षांत तिला कुणाचा हात लागला नव्हता. दवाखान्यात सुया टोचणाऱ्या नर्सचा लागला असेल तेवढाच. इथे एका माणसाची आख्खी पाठ, कण्याच्या मण्यांसकट, उबेसकट, तिच्या पाठीला लागली आणि श्वासागणिक फुगायला नि उतरायला लागली. मग डोळे मिटून भ्रामरी करायची होती, ओठ बंद ठेवून भुंग्यासारखा गुणगुणाट. किल्लीवाल्याने गुणगुणायला सुरुवात केली आणि तो आवाज आत्याला कानाने नाही, पाठीने ऐकू आला. थेट बरगड्यांतून. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बरं झालं पाठीला पाठ होती, त्याला दिसलं नाही.

घरी गेल्यावर तिने भिंतीला टेकून तेच करून बघितलं. भिंत हलत नाही. भ्रामरीचा आवाज खोलीभर फिरला आणि तिच्याकडेच परत आला. त्या रात्रीचं जेवण तिने उभ्याउभ्याच उरकलं.

तर मंगळवार ते शुक्रवार आणि शुक्रवार ते मंगळवार अशी ती जगायला लागली. अर्ध्या तासाची ती पाठ, तेवढ्यासाठी सगळा आठवडा. किल्लीवाल्याशी बोलणं म्हणाल तर "बसता का?" "बसा." "उठू?" "उठा." एवढंच. त्याचा चेहरा कुठे रस्त्यात दिसला असता तर तिने ओळखलाही नसता. पण पाठ हजारात ओळखली असती.

आता गोम इथे होती. वर्गात जागा आठ, आणि बाहेर यादीत बावीस माणसं ताटकळत. म्हणून दवाखान्याचा नियम असा की, प्रत्येकाच्या तक्त्यावर डॉक्टरांनी एक लाल रेघ मारलेली. सलग चौदा दिवस आकडा त्या रेघेच्या वर राहिला की तुम्ही पास. सगळे टाळ्या वाजवणार, मास्तरीणबाई घरी करायच्या व्यायामाचा कागद देणार आणि पुढच्या मंगळवारी तुमच्या चटईवर दुसरं कुणी. आत्याची लाल रेघ होती तीनशे वीसवर.

पाचव्या आठवड्यात फुंकणीचा काटा तीनशे पंचवीसवर गेला. आत्या हरखली. जिना चढून आली तरी धाप नाही, बोलताना वाक्य मधे तुटत नाही, झोप सलग. पंप होताच, पण त्याच्या जोडीला तो लांब सोडायचा श्वास तिच्या अंगी मुरला होता. सहावा, सातवा, आठवा दिवस. तीनशे तीस. तीनशे चाळीस. रविवारी भावाला तिने मोठ्या दिमाखात आकडा सांगितला.

"वा!" भाऊ म्हणाला. "छान. चल मग, ठेवतो, आम्ही बाहेर निघालोय." फोन दीड मिनिटात संपला.

एरवी आकडा कमी असला की तो खोदून खोदून विचारायचा, औषध घेतेस ना, खिडक्या बंद ठेवतेस ना, रात्री उठावं लागतं का. वीस-वीस मिनिटं. एका आठवड्यात तर काळजीने त्याने बुधवारीही केला होता.

बाराव्या दिवशी सकाळी आत्या फुंकणी हातात घेऊन खाटेच्या कडेवर बसली आणि बोटांवर मोजू लागली. आज, उद्या, परवा. तीन दिवस राहिले. मग टाळ्या, कागद आणि ही भिंत.

तिने फुंकलं. काटा दोनशे नव्वदवर थांबला.

एक सांगून ठेवतो, तिने खोटा आकडा लिहिला नाही. मापाची बाई ती, बावीस वर्षांत बोटभर माप खोटं लिहिलं नव्हतं. तिने नुसतं अर्धं फुंकलं. काट्याने जे दाखवलं तेच इमानेइतबारे तक्त्यात उतरवलं, आणि आपण काही वावगं केलंय असं स्वतःला जाणवूही दिलं नाही. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती नीटनेटकं फसवतो!

त्या दिवसापासून काटा तीनशे वीसच्या खालीच राहिला. दोनशे नव्वद, दोनशे ऐंशी, एखाद्या दिवशी दोनशे साठ. रविवारी तिने तो आकडा भावाला सांगितला, आणि बुधवारी त्याचा पुन्हा फोन आला. "ताई, काय गं हे? परत का पडला आकडा?" त्याच्या आवाजातली काळजी आत्याने डोळे मिटून ऐकली. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

पण खोट्याला हातपाय फुटतातच. छातीच्या डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इतकं चांगलं चाललं होतं. दहा दिवस गोळ्या घ्या, जोराच्या आहेत." आत्याने मान डोलावली. बरं, घेतल्या नसत्या तरी कुणाला कळलं असतं? पण नाही, ह्या बाईने त्या गोळ्या रोज सकाळी मोजून घेतल्या. कदाचित तिला वाटत असेल, एवढी तरी शिक्षा भोगावी. गोळ्यांनी झोप उडाली, राक्षसासारखी भूक लागायला लागली आणि हात कापायला लागले.

दुकानात एका शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायचे होते. गर्द निळं कापड, मोठ्या खिडक्या. आत्याने खडूची खूण केली, कात्री चालवली, आणि शेवटचा पडदा वीतभर आखूड कापला. एक वीत! खिडकीखाली भिंत दिसेल एवढा. मालकीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टेप घेतली आणि आत्याने कापलेले बाकीचे पडदे एकेक करून मापायला लागल्या. आत्या शेजारी उभी राहून बघत राहिली.

त्या शुक्रवारी किल्लीवाल्याचा शेवटचा वर्ग होता. त्याचे चौदा दिवस भरले होते. पाठीला पाठ लावून बसल्यावर, भ्रामरी सुरू व्हायच्या आधी, तो मान न वळवता हळूच म्हणाला, "बाई, एक विचारू?"

आत्या दचकली. सात आठवड्यांत एवढं लांब वाक्य पहिलंच.

"विचारा."

"पहिल्या दिवशी तुमचा सोडायचा श्वास तीन आकडे चालायचा. मी मोजायचो. आमचं कामच तसं, कुलपात काय चाललंय ते हाताने ऐकायचं. आता नऊ आकडे चालतो. माझा आठ. मी आज पास झालो, आणि तुमच्या तक्त्यात दोनशे ऐंशी. हे कसं काय?"

आत्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मास्तरीणबाईंना सांगणार आहात?"

"छे हो. मी कुलपं उघडतो, लोकांची कपाटं नाही उघडत. पण त्या गोळ्या तेवढ्या खाऊ नका. तुमचा हात थरथरतोय, पाठीपर्यंत येतंय ते."

"मग काय करू?" आत्याचा आवाज चढला आणि पलीकडच्या जोडीने वळून बघितलं. तिने तो खाली आणला. "पास होऊन जाऊ कुठे? घरी भिंतीला टेकून बसू? तुमचं बरंय, तुमची माणसं असतील."

"आहे एक बहीण. दुसऱ्या गावी. दुकान विकलं, या महिन्यात तिच्याकडे राहायला जातोय. माळ्यावर एक खोली देणार आहे म्हणते." तो किंचित हसल्याचं तिला पाठीतून कळलं. "आतापर्यंत मी दुकानाच्या शटरला टेकून बसायचो. गार असतं. तुमची भिंत बरी म्हणायची."

मग मास्तरीणबाईने टाळी वाजवली आणि सगळे गुणगुणायला लागले. वर्ग संपल्यावर त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. तो कागदाची घडी खिशात घालून निघाला, दारात थांबला, आत्याकडे बघून मान हलवली. चेहरा बरा होता माणसाचा. आत्याने तो त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

आता तुम्ही म्हणाल, अगं, जाण्याआधी चहाला बोलवायचं होतंस की! बोलायला काय जातं? ज्यांच्या घरी रोज दोन कप विसळले जातात त्यांनी म्हणावं हे. तीन वर्षं एकच कप विसळणाऱ्या बाईच्या जिभेवर ते शब्द येईपर्यंत माणूस जिना उतरून गेलेला असतो. ती धावत खिडकीशी गेली तेव्हा खाली रस्त्यावर नुसत्या पाठीच पाठी होत्या, आणि सगळ्यांवर कोट.

मंगळवारी मास्तरीणबाईने तिला नव्याने आलेल्या एका आजोबांच्या पाठीला लावलं. ते सारखे चुळबुळ करत होते आणि त्यांच्या खांद्याचं हाड आत्याच्या मानेला टोचत होतं. ज्या पाठीसाठी एवढा खोटेपणा केला ती पाठच निघून गेली होती. तरी घरी गेल्यावर आत्याने अर्धंच फुंकलं. एकदा लागलेली सवय. शिवाय बुधवारचा फोन.

वर्गाच्या दाराबाहेर एक लाकडी बाक होता. त्या बाकावर गेले तीन आठवडे एक तरुण बाई येऊन बसायची. बिस्किटांच्या कारखान्यात कामाला, मैद्याच्या पिठाने छाती धरलेली. यादीत तिचा नंबर कितवा आला ते विचारायला यायची. आत्या दर वेळी तिच्यासमोरून नजर चुकवून आत जायची. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आत्या जरा लवकर आली, तर ती बाकावर पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. खांदे कानापर्यंत वर, गळ्याजवळची कातडी आत ओढली जातेय. आत्याला ते दृश्य आतून ठाऊक होतं.

"जिना," ती बाई म्हणाली. श्वास. "चढले." श्वास. "म्हणून." मग एकेक शब्द जोडत तिने विचारलं, "आता यादीत मीच पहिली. एक जागा झाली की झालं. तुमचे किती राहिले हो?"

एवढा साधा प्रश्न. आत्याला वाटलं, कुणीतरी फाडकन मुस्कटात मारली. सातवा आठवडा, आठवा, आणि आता हा नववा. तीन आठवडे ही बाई हिच्या चटईसाठी बाहेर गुदमरत बसली होती, आणि ही आत बसून अर्धं फुंकत होती.

"पंप कुठाय तुझा? आधी पंप," आत्या म्हणाली. बाईने पर्समधून काढला, ओढला, थांबली, परत ओढला. आत्याने दार ढकलून आत हाक मारली, "मास्तरीणबाई, बाहेर या, लवकर!" आणि स्वतः बाकावर आडवी वळून बसली. "टेक माझ्या पाठीला. टेक गं, लाजू नकोस. काही करायचं नाही. मी सोडते तसा सोडायचा, जमेल तेवढाच."

ती पाठ टेकली. लहानशी, घामेजलेली, धडधडणारी. दोन आकड्यांवर श्वास तुटत होता. आत्याने आपला श्वास सोडला, सावकाश, तिलाही लागेल असा. परत सोडला. पंपाचं औषध आत काम करत होतं, आणि बाहेरून ही पाठ. मास्तरीणबाई पळत आली, बाईची नाडी धरली, ओठांचा रंग बघितला आणि समोर उकिडवी बसून राहिली. सहा-सात मिनिटांनी श्वास तीन आकड्यांवर गेला. मग चार. बाईचे खांदे खाली आले.

मास्तरीणबाई आता तिच्याकडे बघत नव्हती. ती आत्याकडे बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "दोनशे सत्तरवाल्या माणसाला असा श्वास सोडता येत नाही."

"फुंकणी आणा," आत्या म्हणाली.

तिथेच, बाकाशेजारी उभं राहून, आत्याने छाती भरून श्वास घेतला आणि इतक्या आठवड्यांचं राहिलेलं सगळं फुंकून टाकलं. तीनशे पंच्याहत्तर. एवढा आकडा तिने जन्मात फुंकला नव्हता.

टाळ्या वाजल्या नाहीत. मास्तरीणबाईचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्या त्या तक्त्यावर डॉक्टरांनी तुम्हाला दहा दिवस गोळ्या दिल्या, आत्या! खेळ वाटला का तुम्हाला? उद्या खरंच आकडा पडला असता तर आम्ही काय समजायचं होतं?"

"चुकलं माझं." आत्याने हात जोडले नाहीत की ती रडली नाही. "एकटीला घरी करमत नाही म्हणून मी हे केलं. दुसरं काही कारण नाही. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगते, आत्ताच. माझी चटई हिला द्या."

"नियम चौदा दिवसांचा आहे," मास्तरीणबाई म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती.

"ते चौदा कधीच भरलेत. तुमच्या तक्त्यात नाहीत, एवढंच."

पोरगी आत जाऊन घरी करायच्या व्यायामाचा कागद घेऊन आली आणि आत्याच्या हातात ठेवताना तिने तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. डॉक्टर मात्र चांगली दहा मिनिटं बोलले, आणि आत्याने ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

शनिवारी ती दुकानातून आली, व्यायाम केला, फुंकलं, लिहिलं. तीनशे सत्तर. तक्त्यात खरा आकडा लिहून पेन खाली ठेवलं तेव्हा घर तिला खायला उठलं. श्वास इतका मोकळा होता आणि तो ऐकायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी चार वाजता फोन वाजला.

"ताई, आकडा किती?"

"तीनशे सत्तर."

"काय? अगं, बुधवारी तर दोनशे सत्तर होता!"

"तो खोटा होता, बाळ्या. हा खरा." पंचेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला तो माणूस अजून तिच्या तोंडी बाळ्याच होता.

खोटा म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. आनंदाच्या भरात त्याला ते ऐकूच आलं नसावं. "मग बरी झालीस की गं! जीव भांड्यात पडला माझा. कसलं टेन्शन होतं डोक्यावर. चला, आता दर रविवारी फोन करून तुझं डोकं खायला नको. काही लागलं तर कळव हं, ताई."

किती मायेने म्हणाला! त्याची काही चूक नव्हती. आत्याने नेहमीसारखं "बरं, ठेव," म्हणायला तोंड उघडलं, आणि ते शब्द काही बाहेर पडेनात.

"थांब," ती म्हणाली. "लागलंय."

"काय? औषध? कुणाला पाठवू का घरी?"

"तू लागलायस." तिचा श्वास तुटला नाही, एकदाही नाही. "बाळ्या, मी आकडा मुद्दाम पाडत होते. आकडा पडला की तू बुधवारीही फोन करायचास, म्हणून. झटका आल्यापासून तू मला एवढंच विचारलंस, आकडा किती. मी काय खाल्लं, कुणाशी बोलले, दुकानात काय शिवलं, एकदाही नाही. मी बरी झाले म्हणून फोन बंद करू नकोस. मला फार एकटं वाटतं रे."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. भावजयीने काहीतरी हाक मारली, त्याने उत्तर दिलं नाही.

"बोलायला सुचत नसेल तर बोलू नकोस," आत्या म्हणाली. "पण ठेवू नकोस."

त्याने ठेवला नाही. आत्याने खुर्ची ओढली, फोन कानाला घट्ट धरला आणि डोळे मिटले. त्याचा श्वास ऐकू येत होता. वर वर, छातीतच, दोन आकड्यांवर तुटणारा. मग एक मधेच अडकला, ओला. लहानपणी पडून आला की रडताना कुणी बघू नये म्हणून तो असाच श्वास अडकवायचा. आत्याने आपला श्वास सोडला, त्याला ऐकू जाईल असा, नऊ आकडे. परत घेतला, परत सोडला. हळूहळू पलीकडचाही उतरत गेला. तीन आकडे. चार. ती मोजत होती.

अकरा श्वास झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, दुकानात काय शिवलंस?"

"शाळेचा पडदा," आत्या म्हणाली. "आखूड झाला. वीतभर."